दोन नंबरचे हेर कोलबेक

हेर कोलबेक (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) कुणाच्या हातात कधी काही देत नाहीत. ते फेकतात.

सफरचंद असो, किल्ल्यांचा जुडगा असो, चुकून त्यांच्या पेटीत पडलेलं आमचं टपाल असो, समोरच्याच्या छातीचा अंदाज घेऊन ते हवेतून रवाना होतं. आधी सूचना नाही, खाकरणं नाही. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या या गावात आम्ही राहायला आलो त्या दिवशी माझी बायको सीमा शेजारधर्म म्हणून बेसनाचे लाडू घेऊन खालच्या मजल्यावर गेली. त्यांनी एक लाडू तिथंच तोंडात टाकला, मान डोलावली, आत गेले आणि मधाची काचेची बरणी घेऊन आले. ती त्यांनी सीमाकडे फेकली. सीमानं झेलली. लहानपणी लगोरी खेळल्याचं असं चीज होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. कोलबेकनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "गूट, छान. पण डावा हात उशिरा आला."

नव्या शेजाऱ्यांबद्दल बाकी काही जाणून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही.

माझी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. वॉशिंग मशीनचं एक टोक धरून मी जिना चढत होतो. दोन्ही हात गुंतलेले. खालून बटाटा आला. तो मी गुडघ्यानं अडवला. कोलबेक दोन पायऱ्या वर आले. "कुठं खेळलात?"

"कोल्हापूरला," मी धापा टाकत म्हणालो.

मग मशीन जिन्यातच ठेवून मला त्यांना सांगावं लागलं की कोल्हापूर नावाचं एक गाव आहे, तिथं पेठेपेठेची तालीम असते, तालमीचा फुटबॉलचा संघ असतो, आणि दोन पेठांचा सामना असला की गावातली निम्मी दुकानं बंद असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मैदानात गवत आहे?"

"थोडंफार."

"गूट. गवत नसलं की कीपर घडतो."

तर असे हे कोलबेक. वय एकाहत्तर, उंची दाराच्या चौकटीएवढी, गुडघे कायम किंचित वाकलेले. आधी गोलकीपर होते, मग गोलकीपरांचे कोच झाले. बायको जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून घरात एकटेच. एकटा माणूस फेकणार कुणाकडे? म्हणून बहुधा आमच्याकडे. आमची मुलगी ईरा तेव्हा पाच वर्षांची होती. ती आता जेवताना ताटातली पोळीसुद्धा हातात घेत नाही. लांब उभी राहते आणि "विर्फ!" म्हणते, म्हणजे फेक. सीमानं मराठीत रागावलं की जर्मनमध्ये उत्तर देते. दोष कोलबेकचा.

त्यांचा आवडता शब्द विंकेल. विंकेल म्हणजे कोन. बेकरीच्या रांगेत, बसस्टॉपवर, दाताच्या डॉक्टरकडे, कोलबेक कधी सरळ मधोमध उभे राहत नाहीत. पाऊलभर पुढे आणि जरासे तिरके. "कोन बंद केला की निम्मं काम झालं, हेर पाटील." हे तत्त्वज्ञान ते जगातल्या कुठल्याही अडचणीला लावतात. एकदा मी त्यांच्यापाशी ऑफिसातल्या साहेबाचं गाऱ्हाणं केलं. म्हणाले, "आल्झो, तर मग, पुढे या. अंगावर गेलात की समोरच्याला गोल लहान दिसतो." मी गेलो साहेबाच्या अंगावर. आठवड्याभरात माझी गिअरबॉक्स विभागातून ब्रेक विभागात बदली झाली. कोलबेकना सांगितलं तर खूश झाले. "गेनाऊ! अगदी बरोबर! बॉल बाहेर गेला. गोल झाला नाही ना?"

सुपरमार्केटात त्यांच्याबरोबर जाणं हा एक सोहळाच असतो. इथल्या कॅशियर बायका वस्तू ज्या वेगानं सरकवतात, त्यानं भल्याभल्यांची भंबेरी उडते. दुधाचा खोका घेईपर्यंत बटाटे अंगावर येतात, बटाटे आवरेपर्यंत अंडी. कोलबेक मात्र काउंटरच्या टोकाला गुडघ्यात वाकून उभे राहतात आणि एकेक वस्तू पिशवीत अलगद घेतात. तिथल्या एका बाईवर त्यांची फार भक्ती आहे. "ही लीगमध्ये हवी होती," असं ते गंभीरपणे म्हणतात. आमच्या पुढच्या म्हाताऱ्याची उडालेली तारांबळ बघून माझ्या कानात सांगतात, "डावी बाजू कच्ची."

त्यांच्या दहा बोटांपैकी सात वाकडी आहेत. प्रत्येक बोट ज्या गावी मोडलं त्या गावाचं नाव त्याला दिलेलं. उजवी करंगळी ऑग्सबुर्ग, तिच्या शेजारचं कासेल, डावा अंगठा फ्रायबुर्ग. थंडी वाढली की म्हणतात, "आज कासेल दुखतंय." सीमानं एकदा कौतुकानं विचारलं, "इतक्या गावांत सामने खेळलात तुम्ही?"

"सामने? छे. सगळी वॉर्म-अपमध्ये मोडली. सामन्यात मी होतो कुठं?"

तेव्हा आम्हाला त्यांची सगळी कारकीर्द कळली. दुसऱ्या लीगमधल्या एका क्लबात ते नऊ वर्षं दोन नंबरचे गोलकीपर होते. बाकीच्या जागांवर राखीव खेळाडूला कधी वीस मिनिटं, कधी पाच मिनिटं तरी मिळतात. गोलकीपरचं तसं नसतं. एक नंबरचा धडधाकट असेपर्यंत दोन नंबरच्यानं बाकावर बसायचं. आणि कोलबेकच्या नशिबी आलेला एक नंबरचा गृहस्थ असा होता की नऊ वर्षांत त्याला साधं पडसं झालं नाही.

"किती सामने मिळाले नऊ वर्षांत?"

"एक."

मला विनोद सुचला. मी म्हणालो, "नऊ वर्षं नोकरी आणि काम दीड तास! आमच्याकडे अशा नोकरीसाठी लोक नवस बोलतात." कोलबेक हसले नाहीत. "काम तयार राहण्याचं होतं," ते म्हणाले. "ते मी रोज केलं." मला माझ्या विनोदाची लाज वाटली.

ते कुठल्याच बाकावर बसत नाहीत, यामागचं कारणही तेव्हाच समजलं. बागेत नाही, स्टेशनवर नाही. बिअरगार्टनमध्ये सगळं गाव लाकडी बाकांवर मांडी ठोकून बसलेलं असतं आणि हे ग्लास हातात धरून खांबापाशी उभे. "माझा बाकाचा कोटा संपला," म्हणतात. पुढे कोच म्हणून त्यांनी पाच गावांत कीपर घडवले. त्यातले दोघे थेट वरच्या लीगमध्ये पोचले. त्या दोघांचे फोटो तळघरात बटाट्यांशेजारी टांगलेत. दिवाणखान्यात फोटो आहेत ते त्या दोघांच्या मागे बाकावर बसून राहिलेल्या पोरांचे. नावं कुणालाच माहीत नाहीत, यांना सगळी पाठ आहेत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या गावच्या क्लबातला 'आल्टे हेरेन' नावाचा संघ हातात घेतला. आल्टे हेरेन म्हणजे म्हातारे सद्गृहस्थ. पस्तिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या पण हौस न सुटलेल्या बाप्यांचा संघ. दर शनिवारी शेजारच्या कुठल्यातरी गावातल्या तसल्याच सद्गृहस्थांशी पस्तीस-पस्तीस मिनिटांचा सामना. नंतर बिअर. या संघाचा कीपर टोबी, गावातला इलेक्ट्रिशियन. आणि गुडघ्यानं बटाटा अडवल्याच्या पुण्याईवर दोन नंबरचा कीपर म्हणून माझी नेमणूक झाली. दर शनिवारी दुपारी बेल वाजते, दारात कोलबेक, आणि एकच शब्द: "बेराइट?" म्हणजे, तयार?

मी तयार असायचो. चाळीस मिनिटं ते माझ्याकडून असा सराव करून घ्यायचे की जणू उद्या वर्ल्ड कपची फायनल आहे. मग सामना सुरू व्हायचा आणि मी बाकावर. टोबीलाही कधी पडसं होत नाही.

हे असंच चालू राहिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात वजनकाट्यावर उभा जन्म गेला, पण तरुणपणी पेठेच्या संघातून हाफबॅक खेळलेले. मीही खेळायचो. अकरावीत गेलो तशी आबांनी माझे बूट माळ्यावर टाकले. "आधी इंजिनेर हो, मग काय करायचं ते कर." मी इंजिनिअर झालो, आणि मग काही करायचं राहूनच गेलं. याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. फोनवर एकदा मी सहज सांगितलं, इथं टीममध्ये आहे म्हणून. खोटं नव्हतं. पण आबांनी ते धरून ठेवलं. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही, आबा एकटेच तीन महिन्यांच्या व्हिसावर आले आणि विमानतळावरच म्हणाले, "आता तुझी एक म्याच बघूनच जानार बघ."

पहिल्या शनिवारी त्यांनी मला बाकावर बसलेलं पाहिलं. दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी परतताना म्हणाले, "बसूनच हैस की रं." रागानं नाही, नुसतंच.

मी कोलबेकना गाठलं. वडील इतक्या लांबून आलेत, सामने मैत्रीचेच आहेत, दहा मिनिटं मला उभं केलं तर कुणाचं काय जातंय?

"टोबी तुमच्यापेक्षा चांगला आहे की नाही?"

"आहे."

"उपकाराची दहा मिनिटं तुमच्या वडिलांना ओळखू येतील. ते खेळलेले आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "पण त्यांना आणत जा. दर शनिवारी आणा. विसरू नका."

आबांचं आणि त्यांचं मात्र चांगलंच जमलं. पहिल्याच भेटीत कोलबेकनी फेकलेलं सफरचंद आबांनी एका हातानं झेललं, दुसरा हात खिशातच. कोलबेकनी डोक्यावरची टोपी काढली. पुढे दर शनिवारी एक जण इथल्या बायरिश बोलीतल्या जर्मनमध्ये आणि एक जण कोल्हापुरीत टोबीच्या चुका काढायचा. दोघांचंही दुसऱ्याच्या भाषेवाचून काही अडायचं नाही.

असे अकरा शनिवार गेले. टोबी ठणठणीत. सोमवारी आबांचं विमान होतं आणि आता शेवटचा शनिवार उरला होता. सकाळपासून मला ते डोळ्यांसमोर येत होतं: ऑक्टोबरची थंडी, माकडटोपी घातलेला माझा बाप, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसलेला बेचाळीस वर्षांचा मी. मला ते सोसेना. मी म्हणालो, "आबा, आज नका येऊ. लई गारठा आहे. बॅगा भरायच्यात. आणि तसंही मी काही खेळणार नाही."

आबा नुसते "बरं" म्हणाले.

मैदानावर कोलबेकनी माझ्या मागे पाहिलं. "वडील?"

"घरी. मीच नको म्हटलं."

"तुम्ही म्हणालात, येऊ नका?"

"हो."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पाठ फिरवली. त्या दिवशी त्यांनी माझा सराव घेतला तो एक शब्दही न बोलता.

आणि विसाव्या मिनिटाला टोबीची पोटरी धरली. तो गवतावर बसला तो उठेचना. बारा आठवडे ज्याची वाट पाहिली ते समोर आलं. मी हातमोजे चढवले. गोलकडे धावताना मागे वळून पाहिलं तर आमचे कोच टचलाइनवर नव्हते. बदली खेळाडूंची यादी त्यांनी केक विकणाऱ्या बाईंच्या हातात दिली होती आणि ते पार्किंगकडे निघाले होते. जन्मात ज्यांनी चालू सामना सोडला नाही ते कोलबेक सामना टाकून गाडीत बसून निघून गेले. मला वाटलं, माझा खेळ बघायचीही यांची इच्छा नाही. (बाईंनी यथावकाश दोन खेळाडू बदलले. दोघेही त्यांचे भाचे निघाले.)

पुढचं मी आबांच्या तोंडून ऐकलं. सीमा आणि ईरा माझ्या आईसाठी चॉकलेटं घ्यायला गेल्या होत्या. आबा एकटे. बेल वाजली. दारात कोलबेक, डोक्यावर टोपी नाही, घामाघूम. "झोन! झोन!" म्हणजे मुलगा, एवढं आबांना तीन महिन्यांत कळायला लागलं होतं. पुढचं कळेना. तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसानं आमच्या जिन्याच्या फरशीवर उजवीकडे लांबलचक सूर मारला आणि तिथंच पडून राहिला.

आबांनी त्याचा सरळ अर्थ घेतला: पोरगा पडला.

मग त्यांनी सुचेल ते उचललं. बामची बाटली, विम्याच्या कागदांची फाइल, देवापुढचा अंगारा. पायांत स्लिपर, लेंग्यावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी. गाडीत चार किलोमीटर त्यांनी मारुतीचा जप केला आणि कोलबेक शेजारी बसून आनंदानं "यो, यो!", म्हणजे हो, हो, म्हणत राहिले. "माझं पोरगं थितं मराय लागलंय आन् ह्यो हसतोय," आबा नंतर म्हणाले. "म्हटलं, ह्येला एक ठिवून द्यावी."

दुसरा हाफ सुरू झाला आणि माझ्या गोलच्या मागून आवाज आला, "आरं, उभा हाय की ह्यो!"

मी वळून पाहिलं. फाइल काखेत, बाम हातात, आबा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर राग होता.

पुढची पस्तीस मिनिटं ते तिथून हलले नाहीत. शेजारी कोलबेक. एक ओरडायचा "राउस!", दुसरा ओरडायचा "म्होरं ये की रं!" दोघांचं म्हणणं एकच होतं, गोल सोडून पुढे ये. एकदा दोघं मिळून इतक्या जोरात ओरडले की मी खरोखरच पुढे गेलो आणि बॉल माझ्या डोक्यावरून शांतपणे आत गेला. आणखी दोन गोल झाले. पण एक बॉल, डाव्या कोपऱ्यात खाली जाणारा, मी सूर मारून बोटांच्या टोकानं बाहेर काढला. तो कसा काढला ते मला आजही सांगता येणार नाही. सामना आम्ही तीन-एक असा हरलो.

आबा जवळ आले, माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि अंगठ्यानं कपाळाला अंगारा लावला. "हात चांगलं हैत तुझं. पाय जरा लवकर उचल." बेचाळिसाव्या वर्षी मला वडिलांनी खेळातलं काही शिकवलं होतं. मी लहान पोरासारखा "हो" म्हणालो.

क्लबच्या खोलीत बिअर सुरू झाली तेव्हा अध्यक्षांनी सगळ्यांसमोर कोलबेकना विचारलं की चालू सामना सोडून जाणारा कोच त्यांनी आजवर पाहिला नव्हता, याचं काय करायचं? कोलबेक म्हणाले, "काय करायचं ते करा." अध्यक्ष पुटपुटत दुसऱ्या टेबलाकडे गेले. मग मी विचारलं, असं का केलंत? त्यांच्याकडून इतकं सलग बोलणं मी त्या आधी किंवा नंतर कधी ऐकलेलं नाही.

त्यांचे वडील लाकडाच्या गिरणीत कामाला होते. क्लबच्या गावापासून दीड तासाच्या अंतरावर. घरच्या मैदानावर सामना असला की शनिवारी आगगाडीनं यायचे, मुलाला बाकावर बसलेलं बघायचे आणि परत जायचे. सहा वर्षं. एकदा सामन्याच्या आदल्या दिवशी कोलबेकनी फोन केला. "बर्फ पडतंय, उगाच येऊ नका. तसाही मी खेळणार नाही." लाज वाटत होती, म्हणाले. दुसऱ्या दिवशी वॉर्म-अपमध्ये एक नंबरच्याचं बोट निखळलं.

"तुमचा तो एक सामना?"

"तोच. एकही गोल दिला नाही मी."

"आणि वडील?"

"घरी रेडिओवर ऐकत होते. पण खेळाडूंची यादी आधीच छापलेली होती. पहिला हाफभर रेडिओवाला जुन्याच कीपरचं नाव घेत राहिला. मी अडवत होतो आणि कौतुक त्याचं चाललं होतं. वडील आरामात बसून, पाय पसरून ऐकत होते. दुसऱ्या हाफला रेडिओवाल्यानं माफी मागितली आणि माझं नाव घेतलं." कोलबेकनी ग्लास खाली ठेवला. "आई सांगायची. ते उठले. खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि उरलेला सामना रेडिओसमोर उभं राहून ऐकला. पुढच्या शनिवारी त्या माणसाचं बोट बरं झालं होतं. वडील त्यानंतरही तीन वर्षं येत राहिले."

आबा केव्हापासून माझा दंड हलवत होते. "काय म्हंतोय त्यो? सांग की."

मी मराठीत सांगायला लागलो. आगगाडी सांगितली, बर्फ सांगितलं, फोन सांगितला, रेडिओ सांगितला. कोटापर्यंत आलो आणि पुढं मला बोलता येईना.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "कळलं मला."